मुंगसाचे कूळ आणि शब्दाचे मूळ

ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ शोधू नये, असे आपली जुनी माणसे सांगत आली. त्या यादीत त्यांनी शब्दाला घातले नाही, हे बरे झाले. शब्दाचे कूळही शोधावे आणि मूळही. आपल्या तोंडचा शब्द कोठून आला आणि कोठवर गेला याची खबर ज्या समाजाला नसते, त्याला कोणीही येऊन काहीही सांगावे आणि त्याने मान डोलवावी, अशी त्याची अवस्था होऊन बसते.

वाशीम जिल्ह्यातील कारंजा तालुक्यात कामरगाव आहे. तेथील शिवारात धुऱ्याने चालताना मुंगूस आडवे जाणे ही काही नवलाईची गोष्ट नव्हे. तुरीच्या तासातून ते बाहेर येते, क्षणभर थबकते, मागच्या पायांवर उभे राहून चाहूल घेते आणि शेपटीचा झुपका ओढत पलीकडच्या कपाशीत नाहीसे होते. ते दिसणे जुन्या लोकांच्या लेखी शुभ. रामाची शपथ घालून त्याला तोंड दाखवायला लावण्याचा मुलांचा खेळ तर महाराष्ट्रातील कितीतरी गावांत पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. आज अशाच गावांतील मुलांच्या दप्तरात इंग्रजी मुळाक्षरांचे रंगीत पुस्तक असते. त्यात 'एम' या अक्षरापुढे कधी माकड असते, कधी आंबा, तर कधी हेच धुऱ्यावरचे मुंगूस. मूल घोकू लागते, 'एम फॉर माँगूस'. आई समजावते, माँगूस म्हणजे आपले मुंगूस. अर्थ सांगण्यापुरते हे ठीकच. पण नकळत मुलाच्या मनात एक उतरंड रचली जाते. वरचा शब्द इंग्रजी, शहाण्यांचा. खालचा मराठी, घरातला. वस्तुस्थिती मात्र अगदी उलट आहे. माँगूस हे मुंगसाचे भाषांतर नव्हे. ते मुंगूसच आहे, साहेबाची टोपी घालून घरी परतलेले. आणि शेजारच्या चौकटीतला 'मँगो'ही परका नाही. तो दक्षिणेतील 'मांगा' पोर्तुगिजांच्या गलबतातून जाऊन आलेला आहे. 'एम'च्या एका पानावर आपल्याच अंगणातील दोन शब्द परके होऊन बसलेले असतात, आणि ते आपले आहेत हे सांगणारे शाळेत कोणी नसते.

ही अभिमानापोटी रचलेली कथा नाही. इंग्रजांचे स्वतःचे कोश हेच सांगतात. जॉन फ्रायर हा ईस्ट इंडिया कंपनीचा शल्यवैद्य १६७३ मध्ये हिंदुस्थानात आला. पुढच्याच वर्षी रायगडावर श्रीशिवछत्रपतींचा राज्याभिषेक झाला. १६७५ मध्ये फ्रायर जुन्नरपर्यंत जाऊन आला. त्याचे प्रवासवर्णन १६९८ मध्ये लंडनमध्ये छापले गेले. त्यात त्याने मुंगसाला, बिळात सोडून शिकार करवण्यासाठी इंग्रज पाळत त्या फेरेटच्या भाऊबंदांत बसवले आहे. इंग्रजीतील या शब्दाच्या अगदी आरंभीच्या नोंदी शोधू लागले की कोशकार याच पुस्तकापाशी येऊन थांबतात. पुढे १८८६ मध्ये हेन्री यूल आणि आर्थर बर्नेल यांनी 'हॉब्सन-जॉब्सन' हा आंग्ल-भारतीय शब्दांचा प्रसिद्ध कोश सिद्ध केला. त्यातही हा शब्द मराठीचा, तेलुगूत त्याचा सख्खा जोडीदार आहे आणि उत्तर हिंदुस्थानात या प्राण्याला निराळेच नाव आहे, असे स्पष्ट नोंदवलेले आहे. मध्ये पोर्तुगिजांच्या तोंडून हा शब्द बहुधा फिरून गेला असावा. गोवा, चौल, वसई येथे ते इंग्रजांच्या कितीतरी आधी बसले होते.

इंग्रजांनी मग त्या शब्दाचे रूप आपल्या सोयीने घडवले. 'गूस' नावाचा हंसाच्या जातीचा पक्षी त्यांच्या ओळखीचा. म्हणून मुंगसाच्या शेपटीला त्याचेच स्पेलिंग चिकटले. परिणामी साहेबाचीच पंचाईत झाली. 'गूस'चे अनेकवचन 'गीस' होते, तर मुंगसाचे काय करावे? व्याकरणकारांना आजही सांगावे लागते की या प्राण्याचा त्या पक्ष्याशी काही संबंध नाही, अनेकवचन साधेच करावे. ज्यांच्या भाषेतून शब्द घेतला त्यांना विचारले असते तर मुंगूस-मुंगसे हा प्रश्न एका क्षणात सुटला असता.

इंग्रजीला हा शब्द घ्यावासा का वाटला? त्याचे उत्तर एका गोष्टीत आहे आणि ती गोष्ट आपल्या प्रत्येक घरात सांगितली जाते. पाळण्यातील बाळाला राखणाऱ्या मुंगसाची ती गोष्ट. साप मारून रक्ताळलेल्या तोंडाने ते दारात येते, बाळाला खाल्ले असे समजून आई त्यालाच मारते आणि मग आत जाऊन पाहते तो बाळ सुखरूप. पंचतंत्राच्या 'अपरीक्षितकारक' या पाचव्या तंत्रातील ही कथा सहाव्या शतकात बुर्झोय या इराणी वैद्याने पहलवी भाषेत नेली. आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फा याने ती अरबीत आणली आणि पुढे ती युरोपभर पसरली. पण युरोपात मुंगूस कोठून आणणार? वाटेत त्याचे मुंगूसपण गळून पडले. अरबीत ते विझलसारख्या एका प्राण्यावर भागले, आणि युरोपात पोहोचेपर्यंत मुंगसाचा चक्क कुत्रा झाला. वेल्समधील बेडगेलर्ट या गावी त्या इमानी कुत्र्याची समाधी म्हणून एक जागा आजही प्रवाशांना दाखवतात. फ्रान्समध्ये तर याच कथेतील गिनफोर नावाच्या शिकारी कुत्र्याला लोक संत मानून आजारी मुलांसाठी नवस करू लागले. तेराव्या शतकात एका ख्रिस्ती धर्मोपदेशकाने त्याची हाडे उकरून जाळून टाकवली, तरी भक्ती काही आटली नाही. मूर्तिपूजेबद्दल हिंदूंना शतकानुशतके उपदेश करणाऱ्यांच्या घरी आपल्या पंचतंत्राच्या मुंगसाने केलेला हा प्रताप मोठा गमतीचा आहे.

सांगायचा मुद्दा असा की कथा गेली तेव्हा तिच्याबरोबर प्राणी गेला नाही आणि म्हणून नावही गेले नाही. प्राणी प्रत्यक्ष पाहिला तेव्हा युरोपीयांना नाव उसने घ्यावे लागले. स्वातंत्र्यवीर सावरकरांच्या भाषाशुद्धीची टिंगल करणाऱ्यांना तिची एक बाजू सहसा ठाऊक नसते. जी वस्तू आपल्याकडे नव्हतीच, तिच्यासोबत आलेले नाव घेण्यास सावरकरांचा विरोध नव्हता. आपला शब्द जिवंत आणि समर्थ असताना त्याला हुसकून परका शब्द बसवणे त्यांना अमान्य होते. मुंगसाच्या बाबतीत इंग्रजांनी नेमका हाच विवेक दाखवला. आपण मात्र आपल्याच मुलांना धुऱ्यावरचे मुंगूस दाखवून 'तो बघ माँगूस' म्हणू लागलो आहोत. सावरकरांचा नियम इंग्लंडने पाळला आणि महाराष्ट्राने मोडला, असे म्हणण्याची वेळ आली आहे.

या शब्दाला वाटेत प्रतिस्पर्धीही होता. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा हिंदुस्थानातील औषधींवरील ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. त्यात सापाशी झुंजणाऱ्या या प्राण्याला 'क्विर्पेले' म्हटले आहे. ते उघडच तमिळमधील 'कीरिप्पिळ्ळै'. म्हणजे दक्षिणेतील दोन नावे युरोपच्या दारात उभी होती आणि त्यांतील मराठी मुलखातले नाव आत गेले. फ्रेंचांनी त्याचे 'माँगूस्त' केले, जर्मनांनी 'मुंगो'. १७९५ मध्ये ज्योफ्रवा सेंट-हिलेर आणि क्युव्हिए या फ्रेंच शास्त्रज्ञांनी 'मुंगोस' हे नाव प्राण्यांच्या एका प्रजातीलाच देऊन टाकले. दैवाचा खेळ असा, की आज ते शास्त्रीय नाव आफ्रिकेतील पट्टेरी मुंगसांकडे आहे. 'मुंगोस मुंगो' असे दुहेरी मराठी बिरूद ते आफ्रिकन प्राणी मिरवतात आणि कामरगावच्या शिवारातील राखाडी मुंगसाला मात्र दीर्घकाळ 'हर्पेस्टिस' या ग्रीक नावावर समाधान मानावे लागले. उसाच्या मळ्यांतील उंदीर मारण्यासाठी १८७२ मध्ये कलकत्त्याहून नऊ मुंगसे जमैकात नेली गेली. ज्या बेटांवर आपले गिरमिटिये बांधव राबायला नेले गेले, त्यांच्याच मागोमाग हा प्राणी आणि त्याचे नाव तेथे पोहोचले. तेथून १८८३ मध्ये ते हवाईला गेले. शिवारात उंदीर आणि सापांना वचकात ठेवणारे मुंगूस परक्या बेटांवर पक्ष्यांचा काळ ठरले, हा दोष मुंगसाचा नव्हे.

येथपर्यंत वाचून कोणाही मराठी माणसाची छाती फुगावी. पण कुळाचा शोध येथेच थांबवला तर तो अर्धवट राहील आणि अर्धवट शोध हा अज्ञानापेक्षा वाईट. इंग्रजीने मराठीकडून घेतला हे खरे. मराठीकडे तो कोठून आला?

संस्कृतात या प्राण्याचे नाव नकुल. पांडवांतील चौथ्याचे नाव तेच. युधिष्ठिराच्या अश्वमेधात येऊन यज्ञाचा गर्व उतरवणारा, अर्धे अंग सोन्याचे झालेला प्राणीही नकुलच. त्या नकुलापासून हिंदीत नेवला झाला, गुजरातीत नोळियो झाला. मराठीत मात्र नकुल पोथीत राहिला आणि धुऱ्यावर मुंगूस आले. प्राकृतात 'मंगुस' असे रूप आढळते. कानडीत मुंगुसि आणि मुंगुलि, तुळूत मुंगिलि, तेलुगूत मुंगिस, तमिळमध्ये मूंगा. एवढे सगळे भाऊबंद दक्षिणेत नांदत असताना मूळ घर कोणते, याचा निर्णय अवघड नाही. हा शब्द द्राविड कुळातून प्राकृतात आणि मराठीत आला, असेच बहुतेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. एका इंग्रज कोशकाराने त्याचे नाते संस्कृतातील 'मद्गु' या शब्दाशी जोडून पाहिले होते. पण मद्गु हा मुख्यतः पाणपक्षी, आणि पुढच्यांनी ती व्युत्पत्ती संशयास्पदच ठरवली.

हे येथे मुद्दाम सांगितले पाहिजे, कारण आपल्याच वर्तुळात याबाबत एक खोड बळावत चालली आहे. प्रत्येक इंग्रजी शब्द ओढूनताणून संस्कृताच्या गोठ्यात बांधायचा आणि ती यादी मोबाइलवर शंभर जणांना पाठवून द्यायची. पाठवणाऱ्याची भावना शुद्ध असते, पण भावनेने व्युत्पत्ती सिद्ध होत नाही. 'डोअर' आणि द्वार, 'नेम' आणि नाम, 'मदर' आणि मातृ ही नाती खरी आहेत. पण ती भाऊबंदकीची आहेत, देण्याघेण्याची नव्हेत. एका पूर्वजाच्या दोन शाखांत ते शब्द वेगवेगळे वाढले. 'माँगूस'ची गोष्ट निराळी आहे. तो येथून उचलून नेलेला शब्द आहे, त्याच्या जाण्याचा काळ आणि वाट दोन्ही दाखवता येतात. हा भेद ज्याला कळत नाही, तो खोट्या दाव्याबरोबर खरा दावाही गमावून बसतो. दहा खोट्या व्युत्पत्ती ऐकून कंटाळलेला श्रोता अकरावी खरी व्युत्पत्तीही हसण्यावारी नेतो आणि मग नुकसान होते ते स्वाभिमानाच्याच कार्याचे. संस्कृतला अशा उसन्या मोठेपणाची गरज कधीच नव्हती.

आणि मुंगूस द्राविड कुळातून आले म्हणून बिघडले कोठे? बिघडते ते ज्यांनी भारताच्या मध्यावर भिंत कल्पिली त्यांचे. १८५६ मध्ये बिशप रॉबर्ट कॉल्डवेल याने दाक्षिणात्य भाषांचे तौलनिक व्याकरण प्रसिद्ध केले. भाषाकुळांचे वर्गीकरण हे अभ्यासाचे साधन आहे आणि त्याचे मोल नाकारण्याचे कारण नाही. परंतु भाषेच्या कुळावर वंशाचा डोलारा चढवला गेला. उत्तरेचे आर्य, दक्षिणेचे द्रविड, एक जेता, दुसरा जित अशी मांडणी झाली आणि तिच्यावर राजकारणाच्या पिढ्या पोसल्या. आर्य नावाच्या वंशाचे आक्रमण ही कल्पना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ च्या आपल्या शूद्रांविषयीच्या ग्रंथात वेदांच्याच आधारे तपासून नाकारली. तरीही ती पाठ्यपुस्तकांतून दीर्घकाळ शिकवली जात राहिली.

मराठी घरातील बोलणे या भिंतीची साक्ष देत नाही. वडील भावाला अण्णा आणि बहिणीला अक्का म्हणणारा, भातावर तूप वाढणारा मराठी माणूस दर क्षणी दक्षिणेचे शब्द बोलत असतो. तूप आणि कानडीतील 'तुप्प' यांचे साम्य कोणाच्याही कानाला कळते. आपल्या क्रियापदांची आणि विभक्तींची घडण संस्कृत-प्राकृताची, आणि घरदार-शिवारातील कितीतरी नावे दक्षिणेची. जिंकलेल्यांच्या भाषेतून घरातील थोरल्यांची नावे कोणी उचलत नाही. ती घेतली जातात शेजाराने, सोयरिकीने, एकाच विहिरीवर पाणी भरल्याने. विश्वनाथ खैरे यांनी संस्कृत, मराठी आणि तमिळ यांचा संबंध 'संमत' या नावाने मांडला आणि 'अडगुलं मडगुलं'सारख्या ग्रंथातून बाळाच्या बडबडगीतातील शब्दांची मुळे दक्षिणेत शोधली. त्यांची प्रत्येक व्युत्पत्ती मान्य होण्यासारखी आहे असे नव्हे, पण मराठीला दोन अंगणांची लेक मानण्याची त्यांची दृष्टी अधिक गांभीर्याने घ्यायला हवी होती. विद्यापीठांनी तिच्याकडे म्हणावे तसे लक्ष दिले नाही.

हे सारे कामरगावपासून फार दूरचे नाही. ज्या वाशीमच्या नावाने हा जिल्हा ओळखला जातो, ते प्राचीन वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ती राजधानी. याच शाखेतील दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट वाशीमला मिळाला. त्यात राजाची वंशावळ संस्कृतात आहे आणि दानाचा तपशील प्राकृतात. शास्त्राची भाषा आणि लोकांची भाषा एकाच पत्र्यावर, एकाच राजाज्ञेत, कोणी कोणाला हटवत नाही. त्याच घराण्यातील सर्वसेन राजाने 'हरिविजय' हे काव्य रचले तेही प्राकृतात. आज मूळ काव्य हाती नाही, पण पुढच्या साहित्यशास्त्रकारांनी त्याचे नाव आदराने घेतले आहे. ज्या प्राकृताच्या पोटी मराठी जन्मली आणि ज्या प्राकृताने दक्षिणेचा 'मंगुस' आपला म्हणून सांभाळला, तिला राजमान्यता देणाऱ्या नगरांपैकी एक या जिल्ह्यात होते. येथील मुलाला हे ठाऊक नाही आणि बहुतेक वेळा त्याच्या गुरुजींनाही नाही.

येथे तारखेचा एक योगायोग लक्षात घेण्यासारखा आहे. २ फेब्रुवारी १७८६ रोजी कलकत्त्यात विल्यम जोन्स याने संस्कृत ही ग्रीक आणि लॅटिनची बहीण असल्याचे आपले प्रसिद्ध प्रतिपादन केले. बरोबर ४९ वर्षांनी, २ फेब्रुवारी १८३५ या दिवशी मॅकॉलेने भारतीय शिक्षणावरील आपले टिपण लिहिले आणि येथील समस्त वाङ्मय युरोपीय ग्रंथालयातील एका फळीपुढे तुच्छ ठरवले. इंग्रजांच्या एकाच नगरात दोन्ही घडले. आपल्या शिक्षणव्यवस्थेने त्यांतील दुसरा दिवस पाठ केला. मुलांना इंग्रजी शिकवू नये असे कोणी शहाणा म्हणणार नाही. ती उत्तमच शिकवावी. परंतु इंग्रजी उत्तम शिकवायची म्हणजे 'माँगूस' हा शब्द तिच्यात कोठून आला, हेही शिकवायचे. इंग्लंडमधील कोशकाराला जे सांगण्यात कमीपणा वाटत नाही, ते कारंजा-कामरगावच्या वर्गात सांगायला लाज का वाटावी?

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्यास मान्यता दिली. त्याच निर्णयात प्राकृत आणि पाली याही होत्या. पेढे वाटून झाले, फलक लागले, सत्कार झाले. आता पाहिजे आहे काम. कृष्णाजी पांडुरंग कुलकर्णी यांचा 'मराठी व्युत्पत्तिकोश' १९४६ मध्ये निघाला. त्याला आता आठ दशके होत आली. तेवढ्या काळात द्राविड भाषांचे कोश झाले, जुन्या मराठीचा कोश झाला, ताम्रपट आणि शिलालेख वाचले गेले. हे सारे जमेस धरून मराठीचा नवा व्युत्पत्तिकोश व्हायला हवा, आणि त्यात कानडी, तेलुगू व तमिळ जाणणारे अभ्यासक संस्कृत पंडितांच्या मांडीला मांडी लावून बसायला हवेत. महानुभावांच्या रिद्धपुरात आता मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिले आहे. ते शेजारच्या अमरावती जिल्ह्यात आहे. कामरगावहून सकाळी निघून संध्याकाळी परतता येईल इतक्या अंतरावर. धुरा, तास, वखर, पिके, तण, पाखरे यांची वऱ्हाडी नावे जुन्या माणसांकडून टिपून घेऊन तेथे पोहोचवणे हे गावोगावच्या कार्यकर्त्यांना, शिक्षकांना आणि सुट्टीतल्या मुलांना सहज जमण्यासारखे आहे. ही नावे ज्यांच्या तोंडी आहेत ती माणसे सत्तरी-ऐंशीत आहेत.

कोश होईल तेव्हा होईल. 'एम'चे पान तर उद्याही उघडले जाणार आहे. शिक्षकाने त्या दिवशी फळ्यावर मुंगिस, मंगुस, मुंगूस आणि माँगूस हे चार शब्द एकाखाली एक लिहावेत आणि प्रत्येकासमोर तेलुगू, प्राकृत, मराठी, इंग्रजी असे घालावे. तासातील पाच मिनिटे जातील.